बेबीची जागा कोणी सोडली?

१

बेबीचा ट्रक बंदराच्या गेटवरून परत फिरवला, तेव्हा बेबी ड्रायव्हरच्या शेजारीच बसलेली होती. आयुष्यातला पहिला कंटेनर, बंदरातले लोक ज्याला नुसता 'डबा' म्हणतात, जहाजावर चढताना डोळ्यांनी बघायचा म्हणून ती हट्टाने गेली होती. गेटवरच्या माणसाने डब्याचा नंबर घातला, पुन्हा घातला आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "बाई, या जहाजावर तुमची जागाच नाही. बुकिंग रद्द झालंय."

"कोणी केलं रद्द?"

"ते मला इथे दिसत नाही. गाडी बाजूला घ्या, मागे रांग लागलीये."

बेबी म्हणजे माझी मामेबहीण. पन्नाशी उलटली तरी बेबीच, कारण घरातलं शेंडेफळ आणि शेंडेफळाचं वय कोणी मोजत नाही. तिचा शाळेचे बाक बनवायचा लहानसा कारखाना आहे. समुद्रापलीकडे एक नवी शाळा उघडणार होती, तिथले सगळे बाक तिने केलेले. शाळेचा निरोप स्पष्ट होता: या जहाजाने आले तर घेऊ, नाहीतर दुसरीकडून घेऊ. बेबीकडे दुसरं काम नव्हतं. हे बाक गेले नाहीत तर कारखान्याचं शटर खाली येणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

तिने फोन केला तो सख्ख्या भावांना नाही, आमच्या घरी.

"अप्पा, वहिनी आहे का?"

"मी आहे ना. बोल."

"तू काय करणार? वहिनीला दे."

मी फोन दिला. चाळीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, सगळे समुद्र तोंडपाठ, पण खऱ्या बंदरातलं मला काही कळत नाही हे बेबीला ठाऊक आहे. आमच्या हिला कळतं. हिची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी खराब झालेला माल तपासण्यात गेली. माल पाण्याने भिजला की कोणी पाण्यात भिजवला, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. मोठमोठे व्यापारी तिला टरकून असायचे. मी अजूनही असतो.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेबी, रडू नकोस. ट्रक आवारात उभा कर आणि भावांच्या ऑफिसात ये. संध्याकाळी गेट बंद होईपर्यंत वेळ आहे."

"वहिनी, जहाज भरलंय म्हणतात."

"ते बघू. जागा जहाज कंपनीने काढून घेतली असेल, तर डबा चढवणं त्यांच्यावर आलं, भांडून चढवू. आपल्याच बाजूने कोणी सोडली असेल, तर भांडायला तोंड नाही. म्हणून आधी हे शोधायचं, की जागा सोडली कोणी."

फोन ठेवून ही चपला घालायला लागली. "अहो, नुसते बघताय काय? चला."

२

बेबीचे दोन भाऊ माल परदेशी पाठवायची कामं करतात. जहाज कंपन्यांकडे जागा धरायची, कागदपत्रं करायची, डबा गेटपर्यंत पोचवायचा. माझ्या मामांनी घालून दिलेला धंदा. बेबीच्या डब्याची जागाही इथूनच धरलेली. मामा गेले आणि दोघा भावांचा अबोला सुरू झाला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

अबोल्याचं कारण ऐकलंत तर हसाल. खिडकीजवळच्या मामांच्या खुर्चीवर कोणी बसायचं, यावरून भांडण झालं. थोरला म्हणाला, तू बस, तुझं डोकं चालतं. धाकटा म्हणाला, तू बस, तू थोरला. तू बस, नाही तू बस, असं करत दोघांचा आवाज चढला, कोणीतरी फाईल आपटली आणि बोलणं बंद. खुर्ची रिकामीच राहिली. आज तिच्यावर प्रिंटरचे कागद ठेवतात. थोरला बाहेरच्या खोलीत बसतो, धाकटा काचेच्या दाराआड आतल्या खोलीत. दोघांच्या मध्ये बुकिंग करणारी मुलगी. बोलते फार आणि भराभर, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. "त्यांना सांग," "त्यांना विचार," असे निरोप दिवसभर तिच्यामार्फत जातात. मामा असते तर दोघांचे कान धरून एका बाकावर बसवले असते, पण मामा नव्हते आणि माझं ऐकतो कोण?

त्या दिवशी चिमणी गप्प होती. तिचा एक गाल टम्म सुजला होता.

ही सरळ थोरल्यापुढे जाऊन उभी राहिली. "भाऊजी, बेबीचं बुकिंग रद्द झालंय. ट्रक गेटवरून परत आला."

"कुठलं?" थोरला हातातल्या कागदावरून नजर न काढता म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... बेबीचा डबा परत आला? असं कसं होईल?"

"तेच विचारायला आले."

थोरल्याने काचेच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि घाईने नजर वळवली. "जहाज कंपनीचं काम हे. दुसऱ्या कोणाचं नाही. जागा एक असते आणि विकतात दीड. मोठं गिऱ्हाईक आलं की लहानाचा डबा खाली ठेवतात. तिथल्या बुकिंगच्या बाईंना जाऊन विचारा. आमच्या ऑफिसातल्या कोणाचा यात काही दोष नाही, हे मी लिहून देतो."

मग ही आत धाकट्याकडे गेली. मी मागे. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"कुठलं?" धाकटा म्हणाला. पुढच्याच क्षणी ताडकन उभा राहिला. "परत आला? गेटवरून?" त्यानेही काचेतून बाहेर पाहिलं आणि तोही नजर चुकवून खाली बसला. "हे समोरच्याचं काम, वहिनी. आमच्या जिन्यासमोरच त्याचं ऑफिस आहे. आमची गिऱ्हाइकं फोडायला टपलेलाच असतो. त्याने काहीतरी लबाडी केली. आमच्याकडे कोणी असं करणार नाही. कोणी म्हणजे कोणीच."

तेवढ्यात बेबी आली. तिच्या केसांत अजून लाकडाचा भुसा होता. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि दोघा भावांची तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

आम्ही बाहेर पडलो तर जिन्यात चिमणी भिंतीला टेकून रडत होती.

"काय झालं गं बाळ?" हिने विचारलं.

"काकू, दोघांचे पासवर्ड मीच सांभाळते. आता सगळे माझ्यावरच येणार."

"तू रद्द केलंस?"

"नाही!"

"मग कोणी केलं, माहिती आहे?"

चिमणीने सुजलेल्या गालावर हात धरला. "मला काही विचारू नका, काकू. मी शब्द दिलाय. दोघांनाही."

३

जहाज कंपनीचं ऑफिस दोन रस्ते पलीकडे होतं. तिथल्या बुकिंगच्या मुख्य बाई बुटक्या, तोडून बोलणाऱ्या, टेबलावर तीन फोन. हिची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणजे जुनी भांडणं.

"आम्ही नाही काढला तुमचा डबा," बाई ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाल्या. "परवा दुपारी तुमच्याच ऑफिसातून जागा सोडली गेली. कोणी सोडली ते मला दिसत नाही, मला फक्त ऑफिस दिसतं. बाहेरून कोणी घुसून केलं म्हणाल तर तसंही नाही. ऑफिसातल्या मशीनवरूनच झालं."

मी म्हटलं, "पण तुम्ही जागेपेक्षा जास्त विकता, असं ऐकलं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतली शेवटच्या बाकावरची मुलं आठवली. "विकतो. का विकतो ते विचारा ना. हे सगळे एजंट एका डब्यासाठी तीन-तीन जागा धरून ठेवतात. बसच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. शेवटी डबा येतो एक. बाकीच्या जागा रिकाम्या जातात, जहाज अर्धं हवा घेऊन निघतं. म्हणून आम्ही जास्त विकतो. कधीकधी सगळेच डबे येतात, मग कोणाला तरी खाली ठेवावं लागतं."

"आणि तुम्ही खाली ठेवता म्हणून ते तीन-तीन धरतात," ही म्हणाली.

"हो."

"आधी सुरू कोणी केलं?"

"ते आता कोणालाच आठवत नाही." बाई जराशा निवळल्या. "खरं सांगू? या सगळ्या बंदरात तुमच्या दिरांचं एकच ऑफिस असं आहे, की जास्तीची धरलेली जागा मुदतीच्या आत परत करतं. तुमच्या मामेसासऱ्यांनी लावलेली शिस्त. परवा जागा परत आली तेव्हा मला वाटलंही, चला, कोणीतरी अजून शहाणं आहे. मला काय माहीत, शहाण्यांनी स्वतःचाच डबा घरी ठेवलाय!"

"जहाज खरंच भरलंय का?"

"कागदावर भरलंय. खरं किती भरलं ते निघाल्यावरच कळतं."

आम्ही खाली रस्त्यावर आलो. म्हणजे भांडायला तोंड नव्हतं, जागा आपल्याच घरातून गेली होती. मी काही बोलणार तोच थोरल्याचा फोन आला. आवाज इतका हळू, की नीट ऐकू येईना.

"अप्पा, सांगायला नको वाटतं, पण... जागा परत करायची मुदत परवाची, आणि त्या दुपारी चिमणी ऑफिसात नव्हती. आधीच निघून गेली. आणि जाताना ती समोरच्याच्या ऑफिसात शिरलेली मी स्वतः पाहिली."

४

समोरचा हा गोड बोलून गळा कापणारा माणूस, असं मी ऐकून होतो. गोड बोलतो एवढं खरं निघालं. दोन खुर्च्या पुढे ओढल्या, चहा मागवला, हिला वहिनी म्हणाला आणि मला "सर".

"चिमणी? आली होती ना परवा. दात दुखत होता बिचारीचा, गोळी मागायला आली. माझ्याकडे सगळ्या दुखण्यांच्या गोळ्या असतात. मी म्हटलं, गोळीने काय होतंय, डॉक्टरकडे जा, दात काढ. इथूनच तिला टॅक्सीत बसवलं. वर दवाखान्यात फोन करून सांगितलं, मुलगी घाबरट आहे, सांभाळून घ्या."

"मग गेली?"

"गेली आणि दात काढून घरी गेली. डॉक्टर माझा साडूच आहे, हवं तर विचारा. आणि तो दिवस तर मी विसरणारच नाही. माझा एक डबा कधीपासून अडकला होता, या जहाजावर जागाच मिळेना. चिमणी आली तेव्हाही तेच बघत होतो, जागा नव्हती. चिमणीला टॅक्सीत बसवलं, वर आलो, सहज संगणकावर जहाज कंपनीचं पान उघडून बघतो तर जागा मोकळी! लगेच उचलली. चहा प्यायलो, पुन्हा बघतो तर आणखी एक! तीही उचलली. नशीब उघडलं की असं उघडतं, वहिनी."

हिचा कप ओठांपाशी थांबला. "दोन?"

"दोन. एकापाठोपाठ एक."

"आणि तुमचे डबे किती?"

समोरचा नुसता हसला. "असू दे म्हणून धरली."

हिने कप खाली ठेवला आणि पदर सावरावा तशी पर्स सावरली. मला ही तिची सवय माहीत आहे. नोकरीत असताना ती अशी उठली, की समोरच्या व्यापाऱ्याला घाम फुटायचा.

जिन्यात मी म्हटलं, "एवढं कळलं, की चिमणी सुटली. जागा गेल्या तेव्हा ती टॅक्सीत होती, नाहीतर डॉक्टरपुढे तोंड उघडून बसली होती. पण मग चोर कोण?"

"चोर कोणीच नाही," ही म्हणाली. "म्हणूनच आपल्याला सापडत नव्हता. बेबीची जागा सोडणारे मात्र दोघं आहेत, आणि दोघंही आत बसलेत."

५

हिने काचेचं दार सताड उघडलं आणि धाकट्याला बाहेर बोलावलं. तो येऊन कपाटापाशी उभा राहिला, थोरला खिडकीपाशी. बेबी स्टुलावर, चिमणी प्रिंटरमागे. मामांच्या खुर्चीवरचे कागद हिने उचलून टेबलावर ठेवले आणि स्वतः त्या खुर्चीवर बसली. दोघा भावांनी एकदम खुर्चीकडे पाहिलं.

"एखाद्या माणसाला एकच मुलगा असेल," ही म्हणाली, "आणि कोणी येऊन सांगितलं, की तुमचा मुलगा पडला, तर तो 'कुठला?' असं विचारेल का? एकच डबा, त्याचं एकच बुकिंग. पण मी सांगितलं बेबीचं बुकिंग रद्द झालं, तर थोरले भाऊजी म्हणाले, कुठलं? धाकटे म्हणाले, कुठलं? म्हणजे एकापेक्षा जास्त आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. समोरच्यांना परवा दुपारी जागा किती मिळाल्या? दोन. दोन्ही इथूनच सुटलेल्या."

थोरला म्हणाला, "वहिनी, मी..."

"थांबा. बेबीसाठी जागा थोरल्यांनीही धरली आणि धाकट्यांनीही. एकमेकांशी बोलत नाही म्हणून वेगवेगळी. दुसऱ्यानेही धरलीये हे दोघांना चिमणीकडून कळलं, आणि दोघांनीही तिला बजावलं, बेबीच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तिने दोघांनाही शब्द दिला आणि पोरीने दोन्ही पाळले. मग परवा शेवटचा दिवस. जास्तीची जागा परत करायची, ही तुमच्या वडिलांची शिस्त. परवा दोघांनी आळीपाळीने चिमणीला विचारलं असणार, तिकडचं बुकिंग आहे ना?"

प्रिंटरमागून चिमणीने मान हलवली. "आहे म्हटलं. दोघांनाही. तेव्हा होतंच ना काकू, दोन्ही."

"होतं. मग तू दात धरून निघून गेलीस. तू असतीस तर पहिल्याने सोडल्याबरोबर धावत जाऊन दुसऱ्याला सांगितलं असतंस. निरोप नेणारं कोणी उरलं नाही, आणि दोघांनीही आपापली जागा जास्तीची समजून सोडून दिली. बंदरातल्या कुठल्याही लबाडाच्या हातात हा डबा असता, तर आज जहाजावर चढला असता. दोघं प्रामाणिक, म्हणून राहिला."

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा. मी आयुष्यभर ही म्हण वापरली, पण पाहुणा एवढा मोठा लोखंडी असू शकतो असं वाटलं नव्हतं.

"एवढ्यावरून मी खात्री धरली नसती," ही पुढे म्हणाली. "पण सकाळी तुम्ही दोघांनी दोषी सांगितले. एकाने जहाज कंपनी, एकाने समोरचे. वर्षानुवर्षं अबोला, तरी भावाकडे बोट कोणीच दाखवलं नाही. काचेतून एकदा बघितलंत आणि मान फिरवलीत. मी विचार केला, हे काय? मग लक्षात आलं. थोरल्यांना वाटलं, मी तर माझी सोडली, म्हणजे राहिली होती ती धाकट्याची. तीच रद्द झाली असेल तर चूक त्याच्या हातून झाली, बेबीला कळू देऊ नये. धाकट्यांनाही तसंच वाटलं. दोघं एकमेकांना पाठीशी घालत होतात."

मग धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "चिमणे, त्यांना सांग..." आणि थांबला. त्याने मान वर केली. "दादा, मला वाटलं, तू थोरला आहेस. बेबीचा पहिला डबा तुझ्या हातून जावा. म्हणून मी माझी सोडली."

थोरल्याचे डोळे भरून आले होते. "ती लहानपणापासून तुझ्याच मागे फिरायची रे. मला वाटलं, तिला तू पाठवलेला आवडेल."

खुर्चीच्या वेळी जे केलं तेच या दोन गाढवांनी पुन्हा केलं होतं. तू घे, नाही तू घे, आणि शेवटी कोणाच्याच हाती काही नाही. मी डोळे पुसायला रुमाल काढला आणि तेवढ्यात बेबी स्टुलावरून उठली.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "तुम्ही एकमेकांसाठी सोडलंत. छान. मला कोणी विचारलं का? डबा कोणाचा? बाक कोणाचे? माझ्यासाठी दोन जागा धरल्या होत्या हे मला आत्ता कळतंय, दोन्ही गेल्यावर!"

मग तिने दार उघडलं आणि समोरच्याच्या ऑफिसात शिरली.

६

आम्ही सगळे मागे धावलो. समोरचा खुर्चीतून उठतोय तोवर बेबीने सुरुवातही केली होती.

"तुमच्या नावाचा डबा आवारात उभा आहे, माझ्या ट्रकच्या शेजारी. एकच आहे. दुसऱ्या जागेत काय पाठवणार, हवा?"

"हवा तर आम्ही सगळेच पाठवतो, ताई." समोरचा हसला, पण आवाज जरा खाली आला. "असं बघा, ती जागा मी हौसेने नाही धरत. एकच धरली आणि कंपनीने माझाच डबा खाली ठेवला, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"तुमचा डबा खाली ठेवतील की नाही, ते माहीत नाही. माझा तर आत्ता खालीच आहे." बेबीने नजर हलवली नाही. "हे बाक गेले नाहीत तर माझ्या कारखान्यातल्या बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचंय. ते तुम्ही येऊन सांगाल का?"

समोरच्याने हातातला पेन टेबलावर ठेवला. मग त्याने फोन उचलला. "बाई, माझी एक जागा सोडतोय. हो, जास्तीचीच होती. हो, मीच बोलतोय, चेष्टा नाही." फोन ठेवून तो आमच्याकडे वळला. "माझी अब्रू गेली आज. पळा आता. ती जागा सगळ्यांना दिसायच्या आत पोचा."

आम्ही सगळे पळालो. दोन रस्ते, वय बघता, मला फार वाटले.

जहाज कंपनीच्या बाई तिन्ही फोनवर आलटून पालटून बोलत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला. "जागा आहे. पण मागणारे चिकार आहेत, आणि आत्ता नोंदी उघडून बघितलं, तर तुमच्या ऑफिसने परवा एकाच डब्याची जागा दोनदा सोडली. मी पुन्हा तुम्हालाच का देऊ? डबा गेटवर आला नाही तर मला उत्तर कोण देणार?"

"मी," थोरला म्हणाला.

"मी," धाकटा म्हणाला, अगदी त्याच वेळी.

"दोघं म्हणजे कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "परवाच्या नोंदीत बघितलं मी ते."

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. आता पुन्हा 'तू दे, नाही तू दे' सुरू होणार या भीतीने मी हिचा दंड धरला.

"माझं नाव लिहा," बेबी म्हणाली.

"अगं बेबी, तुला यातलं..." थोरला पुढे झाला.

"मला यातलं काही कळत नाही म्हणून तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, आणि कळलं ते गेटवरच्या माणसाकडून. माझा डबा आहे. आणते म्हटलं की मी आणणार, नाही आणला तर मला विचारा." तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. "आणि बाई, आता तुम्ही सांगा. मी डबा आणला आणि तुम्ही तो चढवला नाहीत, तर मी कोणाला विचारायचं?"

बाईंचा एक फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही.

"हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मी विचारतेय."

बाईंनी बेबीचं नाव संगणकात घातलं, पूर्ण, आडनावासकट. मग बोटं क्षणभर थांबली, आणि त्याच्या खालच्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं. "मला विचारा," त्या म्हणाल्या. "आता जा. गेट बंद व्हायला फार वेळ नाही."

बेबी ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी चढली. आम्ही मागून टॅक्सीने गेलो. दोघा भावांना वेगवेगळ्या टॅक्स्या करायला वेळ नव्हता, त्यामुळे ते मागच्या सीटवर माझ्या दोन बाजूंना कोंबून बसले. गेटवर सकाळचाच माणूस होता. त्याने नंबर घातला, या वेळी एकदाच, आणि आडवा दांडा वर केला. ट्रक आत जायला लागला तसे दोघं भाऊ खाली उतरून त्याच्यामागे निघाले.

खिडकीतून बेबीने मान बाहेर काढली. "तुम्ही बाहेरच थांबा. आत जायची परवानगी माझ्या एकटीच्या नावाची आहे."

ते थांबले. गेटबाहेरच्या सिमेंटच्या कठड्यावर दोघं शेजारीशेजारी बसले. मी आणि ही जरा लांब उभे राहिलो, कारण काही वेळा माणसांच्या मध्ये उभं राहू नये, एवढं माझ्यासारख्यालाही कळतं. आतून क्रेनचे आवाज येत होते. कुठला डबा कोणाचा, ते बाहेरून काही दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळाने थोरल्याने विचारलं, "चढेल ना रे?"

धाकट्याने गेटकडे पाहिलं. "बेबी गेलीये ना आत," तो म्हणाला. "चढेल."